फॉरमॅट झालं, पण नाव उरलं

माझ्या मावशीचा लॅपटॉप सुरू होताना निळ्या पडद्यावर थांबायचा. पडद्यावर दोन ओळी, दोन्हींत एकच नाव: ‘विंडोज १०’. खालची निवडली की विंडोज सापडत नसल्याचा निरोप यायचा. म्हणून मावशी कशालाच हात लावायची नाही. ३० सेकंद उलटून वरची ओळ आपोआप सुरू होईपर्यंत ती मांडीवर हात ठेवून बसायची. रोज.

लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता तेव्हा वेगळ्या पार्टिशनवर नवं विंडोज टाकलं गेलं आणि पुढे जुनं पार्टिशन काढून टाकलं. विंडोज गेलं, नाव मात्र राहिलं, कारण नावांची यादी वेगळ्याच जागी असते. एक्सपीपर्यंत ही यादी साध्या मजकुराची फाइल होती. नोटपॅडमध्ये उघडायची, ओळ खोडायची, झालं. व्हिस्टापासून तिच्या जागी ‘बीसीडी’ आली. ती नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. तिच्यासाठी ‘बीसीडीएडिट’ ही कमांड आहे.

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’नेच उघडा. आधी ‘बीसीडीएडिट’पुढे तिरकी रेघ, ‘एक्स्पोर्ट’ आणि फाइलचा पत्ता देऊन यादीची प्रत काढून ठेवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. काही चुकलं तर ‘इम्पोर्ट’ने तीच यादी परत बसवता येते.

मग नुसतं ‘बीसीडीएडिट’ लिहून एंटर दाबा. मावशीच्या पडद्यावर दोन्ही विंडोजची माहिती एकाखाली एक आली. एकीची ओळख महिरपी कंसात ‘करंट’ अशी होती, म्हणजे आत्ता चालू असलेलं विंडोज. दुसरीची ओळख आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, आणि ‘डिव्हाइस’समोर शब्द होता ‘अननोन’. पार्टिशनच नाही, तर पत्ता कुठला असणार? खरं काम एवढंच, जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे ओळखणं. पुसायला एक ओळ पुरते: ‘बीसीडीएडिट’पुढे तिरकी रेघ, ‘डिलीट’ आणि ती माळ, कंसासकट. माळ हाताने टाइप करू नका, कॉपी करा. पॉवरशेल वापरत असाल तर कंसाभोवती अवतरणचिन्हं लागतात, कारण तिथे महिरपी कंसाला वेगळा अर्थ आहे.

यादीतलं नाव पुसल्याने डिस्कवरची जागा मोकळी होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उबुंटूसारखं लिनक्स टाकून नंतर काढलं असेल, तर त्याचं नाव बहुधा या यादीत नसतंच. नव्या यूईएफआय मशीनमध्ये ते मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेलं असतं. विंडोजमधून ‘बीसीडीएडिट’ला ‘एनम फर्मवेअर’ दिल्यावर ते दिसतं आणि तसंच पुसता येतं. लिनक्समध्ये हे काम ‘ईएफआयबूटएमजीआर’ करतो: लहान ‘बी’पुढे नोंदीचा चार अंकी क्रमांक, आणि पुसायला मोठा ‘बी’. ईएफआय पार्टिशनवरचा उबुंटूचा फोल्डर मात्र त्यानंतरही तिथेच राहतो. तो वेगळा काढावा लागतो.