लोण्याची वाट

तळेगाव दाभाडेहून आंदर मावळातून पश्चिमेकडे चढत गेल्यावर कुसूरचे पठार लागते, आणि तेथील गवळी धनगरांचा इतिहास कागदपत्रांपेक्षा म्हशींच्या खुरांनी पडलेल्या वाटांत व मोडक्या जोत्यांत अधिक सापडतो. गवळी धनगर म्हणजे मेंढ्यांऐवजी म्हशी-गाई पाळून सह्याद्रीच्या माथ्यावर राहणारा समाज. त्यांच्या विखुरलेल्या वस्तीला धनगरवाडा आणि कुडाच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या घराला झाप म्हणतात. खाली भात पिकवणारा कुणबी, वर गुरे राखणारा धनगर, ही जुनी वाटणी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या संशोधकांनी अभ्यासपूर्वक मांडली आहे.

दूध टिकत नाही, या एका गोष्टीने येथील सारी रीत ठरवली. पहाटेच्या अंधारात पारडू, म्हणजे म्हशीचे पिल्लू, आधी आचळाला लावतात आणि पान्हा फुटला की ते बाजूला बांधून धार काढतात. विरजलेले दूध डेऱ्यात रवीने घुसळताना आरंभी दोरी हलकी चालते, मग आवाज जड होतो, कडेला कण दिसू लागतात, तेव्हा गार पाण्याचा हबका मारून लोण्याचा गोळा हातानेच वर काढला जातो. ताक घरी राहते; लोणी किंवा कढवलेले तूप पूर्वी डोक्यावरून घाट उतरून जाई, आणि हा भार वाहणाऱ्या बायांची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, ही मोठीच उणीव आहे.

याउलट अमेरिकेत, टेक्सासमधील गुरेपाल कुटुंबे एकोणिसाव्या शतकात हजारो गुरांचे कळप शेकडो मैल हाकत रेल्वेपर्यंत नेत, म्हणजे तेथे माल स्वतःच्या पायांनी चालत होता; मावळात गुरे माथ्यावरच राहिली आणि चालले ते माणूस. तेथील मोकळ्या कुरणांना १८७४ मध्ये पेटंट मिळालेल्या काटेरी तारेने अडवले, तर इकडे १८७८ च्या वन कायद्याने राने राखीव करण्याची वाट मोकळी केली, आणि दोन्हीकडे चराई आखडत गेली.

टेक्सासमध्ये गुरांच्या अंगावर डागलेल्या मालकीच्या खुणा सरकारी वहीत नोंदलेल्या असत, म्हणून वंशजांना त्यावरून घराण्याचा माग काढता येतो. झापात अशी वही नाही. कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस कोणाच्या पोटची, तिची आई कोठे व्याली, हे सांगता सांगता त्या वेळचा धनगरवाडा कोणत्या झऱ्याजवळ होता तेही ओघाने येते. आणि त्या ठिकाणी गेले, तर गवतात बुडालेल्या जोत्याशेजारी दावे बांधायचा लाकडी खुंट कधीकधी अजून उभा सापडतो.