यादीत नसलेली रांग

इंग्लंडात मुलाच्या ऑटिझमची तपासणी कधी सुरू व्हावी, याला मुदत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्यापासून तीन महिने. 2011 पासून ती तिथल्या मार्गदर्शिकेत छापलेली आहे आणि ती सर्रास मोडली जाते. 2024 च्या अखेरीस मुलं-मोठी मिळून दोन लाखांहून जास्त जण तिथं ताटकळत होते, आणि दहातल्या जवळजवळ नऊ जणांची मुदत उलटून गेली होती. आकडा लाजिरवाणा आहे, पण निदान आकडा आहे. आपल्याकडे गेल्या तीसेक वर्षांत या बाबतीत पुष्कळ काही झालं. तेवढा आकडा मात्र कुणी काढला नाही.

1995 च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. त्यामुळे ज्याला दाखला हवा, त्याला ‘मतिमंद’ म्हणून घ्यावा लागे, मग मूल आकडेमोडीत कितीही हुशार असो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचं नाव आलं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची ऑटिझमची भारतीय मोजपट्टी, चाळीस प्रश्नांची, 2009 साली आली; दाखल्यासाठी ती वापरण्याची केंद्राची अधिसूचना निघाली एप्रिल 2016 मध्ये. सात वर्षं सरकारनेच लावली. त्याच डिसेंबरात एकवीस प्रकारांचा नवा कायदा झाला.

मधल्या काळात, फेब्रुवारी 2013 मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्या पालघरहून झाली. मला ही योजना मनापासून आवडते. गाडी, दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता असं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातं. ज्याच्याबद्दल शंका येते, त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे बोलण्यातल्या ‘डीईआयसी’कडे, पाठवतं. कागदावर वाट सरळ आहे. प्रत्यक्षात मूल नाव घेतल्यावर वळून बघत नाही हे आईच्या कधीच लक्षात आलेलं असतं. घरात ‘ह्याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून वर्ष गेलेलं असतं. आणि पथक येतं त्या दिवशी मूल तापाने घरी असेल, तर पुढची फेरी सहा महिन्यांनी.

त्या केंद्रासाठी सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, पोचल्यावर पहिली अडचण कानाची. मूल बोलत नाही, तर त्याला ऐकू येतं ना, हे आधी बघायचं. त्यासाठी ‘बेरा’ ही कानाची चाचणी. ती झोपलेल्या मुलावर करतात, म्हणून आदल्या रात्री त्याला जागवायला सांगतात. आई जागवते, पहाटेची एसटी धरते, आणि मूल एसटीतच झोपतं. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर टक्क जागं होतं. झोपेचं औषध देऊनही डोळा लागला नाही, की केस पेपरवर नवी तारीख. बाप रोजंदारीवर असेल तर त्या तारखेला आणखी एक खाडा. मग मानसशास्त्रज्ञ, जागा भरलेली असली तर. मग दाखला देणारं वैद्यकीय बोर्ड, त्याचा वार ठरलेला. ती चाळीस प्रश्नांची पट्टीही मुळात तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी, म्हणजे ज्या वयात हाताशी धरलं तर सर्वात जास्त फायदा, ते वय अलीकडेच राहतं.

2020 मध्ये अंगणवाड्या बंद झाल्या, पथकं कोविडच्या कामाला जुंपली गेली. त्या वर्षी दीड-दोन वर्षांची असलेली मुलं पथकाला दिसलीच नाहीत. पुढे ती थेट शाळेच्या दारात दिसली.

मुलं थोडी आहेत, असंही नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी घरोघरी जाऊन केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. ज्यांना परवडतं ते मुंबई-पुण्यात खासगीत जातात आणि सरकारी हिशेबातून बाहेर पडतात. उरलेल्यांची रांग एका दारापुढे नाहीच; ती अंगणवाडी, कानाचा विभाग, मानसशास्त्रज्ञ आणि बोर्ड अशा चार दारांत वाटलेली आहे. प्रत्येक दार म्हणतं, आमच्याकडे फार गर्दी नाही.

खरं तर मोजायला नवं यंत्र नको. पथकाच्या चिठ्ठीवर तारीख असते, दाखल्यावरही असते. दोन्ही कागद त्या आईच्या प्लास्टिकच्या पिशवीत एकाखाली एक असतात. किती मुलं तपासली, किती पाठवली, हे वर कळवलं जातं. त्यासोबत या दोन तारखांमधले दिवस कळवायला एक रकाना पुरेल. तो आला तर कुठल्या जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञाची खुर्ची रिकामी आहे, हे विचारावंही लागणार नाही.