काडतूस घरी भरायचं म्हटलं तर

दारूगोळ्याच्या नजरेनं पाहिलं तर नागपूर चहूबाजूंनी वेढलेलं शहर आहे. अमरावती रस्त्यावर अंबाझरीची आयुध निर्माणी, पूर्वेला भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, दक्षिणेला भद्रावतीची चांदा निर्माणी, वर्ध्याकडे पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार, आणि बाजारगावच्या बाजूला खाजगी स्फोटकांचे कारखाने. देशातल्या नागरी स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही इथंच, सेमिनरी हिल्सवर. पण घरच्या टेबलावर बसवून काडतूस भरायची छोटी प्रेस, जी अमेरिकेतल्या खेड्यातल्या दुकानातही सहज मिळते, ती सीताबर्डीला कुठं विचारून पाहा. दुकानदार आधी तुमच्याकडे पाहील आणि मग दाराकडे.

अमेरिकेत ‘रिलोडिंग’ हा रीतसर छंद आहे. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी बहुधा धडधाकट असते. जळते ती दारू, फुटते ती बुडाशी बसवलेली टोपी, आणि निघून जाते ती गोळी. काडतुसाच्या किमतीचा मोठा वाटा त्या पितळेचा असतो. मग तीच पुंगळी पुन्हा का वापरू नये, असा साधा हिशोब यामागे आहे. बार उडताना पुंगळी फुगून नळीच्या घराला चिकटते. तिला पुन्हा मूळ मापात दाबायचं, जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, एवढंच काम. दाबण्यासाठी लागणारा जोर हातात नसतो, तो तरफेतून येतो. प्रेस म्हणजे ती तरफ. तिच्या माथ्यावर डाय, म्हणजे साचा, फिरकीनं बसते आणि काम बदललं की डाय बदलायची. दिवाळीत सोऱ्यातली चकती बदलून शेवेनंतर चकली पाडतात, तसंच.

डायच्या आट्यांचं माप बहुतेक कंपन्यांनी एकच ठेवलंय, त्यामुळं एकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर चालते. या धंद्यातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरला हे जमायला किती वर्षं लागली!

प्रेसचे प्रकार तीन. पहिली सिंगल स्टेज: एका वेळी एक डाय, एका ओढीत एक काम. पन्नास पुंगळ्या घ्यायच्या, सगळ्या दाबून घ्यायच्या, मग डाय बदलून पुढचं काम. तासाला पन्नासेक काडतुसं झाली तरी पुष्कळ. दुसरी टरेट: चार-सहा डाय एका फिरत्या चकतीवर बसवलेल्या, चकती फिरवली की पुढची डाय समोर. तिसरी प्रोग्रेसिव्ह: इथं पुंगळ्याच गोल फिरतात, प्रत्येक घरात वेगळं काम एकाच वेळी होतं, आणि दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं. तासाला काही शे.

नवख्याला तिसरी भुरळ घालते. माझ्या मते तिथंच गफलत होते. सिंगल स्टेजवर दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात समोर उभ्या असतात. टॉर्च मारून एकेकीत डोकावता येतं. पिस्तुलाच्या पुंगळीत भरायची दारू थोडी असते आणि पुंगळीत जागा पुष्कळ, त्यामुळं चुकून दोनदा घातली तरी मावते आणि बाहेरून काही कळत नाही. ती बंदूक फोडू शकते. उलट एखादी कोरी राहिली, तर टोपीच्या जोरावर गोळी अर्ध्या नळीत जाऊन अडकते, आणि पुढची गोळी मागून येऊन तिला धडकते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर चार कामं एकदम चालतात, डोळा मात्र एकच असतो. रिलोडिंगमधली माणसं वेगापेक्षा एकसारखेपणाला मान देतात, ते उगाच नव्हे.

सांगाड्याचंही पाहावं लागतं. समोरून उघडा सी-आकाराचा सांगाडा हाताला मोकळा, पण जोर दिला की किंचित उघडतो. सर्व बाजूंनी बंद, बिडाचा ओ-आकाराचा सांगाडा हलत नाही. रायफलच्या लांब पुंगळ्या दाबायच्या असतील तर तोच हवा. आणखी एक बारीक गोष्ट, जी जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही: वापरलेल्या टोप्या कुठं पडतात? टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचं संयुग असतं, त्याची राख घरभर पसरू नये म्हणून काही प्रेसमध्ये दट्ट्याच पोकळ ठेवून टोप्या नळीतून थेट डब्यात सोडतात. घरात लहान मूल असेल तर एवढ्या एका सोयीसाठी प्रेस निवडावी.

प्रेसच्या कंपन्यांमागं बहुतेक माणसांच्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टननं 1943 मध्ये आरसीबीएस काढली. ‘रॉक चक’ नावाच्या बिळातल्या प्राण्याला मारायच्या गोळ्या दाबायचं यंत्र हे तिचं मूळ, आणि तिची बिडाची ‘रॉक चकर’ अजून मानाची प्रेस आहे. विस्कॉन्सिनचा रिचर्ड ली स्वस्तात देणारा. ॲरिझोनाचा माइक डिलन प्रोग्रेसिव्हवाला. टोपीच्या बाबतीत इतिहासानं गंमत केली आहे. बॉक्सर हा इंग्रज, पण त्याची टोपी अमेरिकेनं उचलली. बर्डन हा अमेरिकन, त्याची टोपी युरोपातल्या लष्करांनी. बॉक्सरच्या पुंगळीला बुडात मध्ये एक भोक असतं, वरून खिळा सारला की जुनी टोपी निघते. बर्डनच्या पुंगळीला दोन बारीक भोकं बाजूला असतात, तिथं खिळा चालत नाही. त्यामुळं अनेक लष्करी पुंगळ्या घरगुती प्रेसवाल्याच्या उपयोगाच्या नसतात.

आपल्या नेमबाजांना हे सारं लागत नाही का, असा प्रश्न येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. तो प्रकार .22 रिमफायर काडतुसाचा आहे. त्यात वेगळी टोपी नसते. स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत पसरलेला असतो आणि घोड्याच्या ठोक्यानं ती कडच चेपते. एकदा उडालं की संपलं. म्हणून या गटातले मोठे नेमबाज भरत नाहीत, निवडतात. ब्रिटनची एली किंवा फिनलंडची लापुआ यांच्या चाचणीगृहात आपली रायफल नेऊन वेगवेगळ्या लॉटची काडतुसं उडवून बघतात, आणि ज्या लॉटचा गट सर्वांत बारीक पडेल तोच विकत घेतात. 10 मीटरच्या एअर रायफलला तर दारूच नाही.

हातानं भरणं या मुलखाला नवं मात्र नाही. मध्य प्रांत 1861 मध्ये झाला आणि नागपूर त्याची राजधानी. त्या काळी या जंगलांत फिरणारा कॅप्टन जेम्स फोरसिथ हा केवळ शिकारी नव्हता, रायफलींवर पुस्तक लिहिणारा जाणकार होता. नळीतल्या आट्यांना पीळ कमी द्यावा आणि वजनदार गोल गोळीमागं भरपूर दारू घालावी, हे त्याचं मत त्याच्या नावानं ओळखलं गेलं. त्याचं मध्य भारताच्या डोंगररानांवरचं प्रसिद्ध पुस्तक 1871 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघालं. तेव्हा शिकारी आपली दारू आपण मोजत असे, कारण मोजून देणारा दुसरा कोणी रानात नसे.

तीच रीत आजही एका ठिकाणी कायदेशीरपणे जिवंत आहे, आणि ती शेतकऱ्याकडे. रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये आहे. ठासणीच्या बंदुकीचा प्रत्येक बार हातानंच भरावा लागतो. प्रेस नाही, पुंगळी नाही. दारू, बोळा, छर्रे आणि गज. जनावर मारायचं तर वन्यजीव कायदा वेगळा आडवा येतो, ते निराळं.

काडतुसाचं मात्र तसं नाही. कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत बॉम्ब, फ्यूज यांच्यासोबत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे टेबलावरची ती बिडाची तरफ, एक दाणा दारू नसतानाही, कायद्याच्या लेखी दारूगोळाच. कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं त्याची शिक्षा किमान 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेली. बंदुकीचा परवाना खिशात असला, तरी तो बाळगण्याचा असतो, बनवण्याचा नसतो.

हा कडकपणा मला अवाजवी वाटत नाही. प्रामाणिक छंदिष्टाची गैरसोय होते, हे खरं. पण जिथं गावठी कट्टे सापडल्याची बातमी दर आठवड्याला येते, तिथं मोकळी प्रेस कोणाच्या हाती आधी जाईल हे सांगायला नको. दुसरं कारण याच पट्ट्यातलं आहे. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. तिथं जाड भिंती, दूर दूर ठेवलेल्या इमारती, आणि पिढ्यान्पिढ्या हेच काम करणारी माणसं होती. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू आहे, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला लष्कराच्या रायफलींची काडतुसं होतात. तिथंही दाबणं, टोपी, दारू, गोळी याच पायऱ्या आहेत, फक्त प्रत्येक पायरीमागं तपासणारा वेगळा माणूस असतो. घरात तो माणूस तुम्हीच, तोही दिवसभराच्या नोकरीनंतर.

तेव्हा टेक्सास किंवा ओहायोत राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी कोणाला हा छंद लागला असेल, तर पहिली प्रेस सिंगल स्टेज, बिडाची, ओ-आकाराची घ्या, आणि वाचलेले पैसे चांगल्या तराजूवर घाला. आणि दिवाळीला घरी येताना मामाला दाखवायला म्हणून ती बॅगेत टाकू नका. परवान्याशिवाय दारूगोळा देशात आणायला कलम 10 ची मनाई आहे, आणि नागपूरच्या विमानतळावर ती तरफ दारूगोळ्यातच मोजली जाईल.