वऱ्हाडचं ऊन आणि चिकटवलेली बॅटरी

यंत्र उघडताना : भाग ६

२५ मे २०२४ रोजी अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लावलं. दंगल, मोर्चा असं काही नव्हतं. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी भरवू नका, असे आदेश ३१ मेपर्यंत लागू राहिले. वेधशाळा सांगते ते तापमान सावलीतलं असतं, हे वऱ्हाडात वेगळं सांगायला नको. आता याच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवून बघा. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा आणि बंद करून ठेवायचा झाला तरी ४५ अंशांच्या वर ठेवू नये, असं त्याची कंपनीच सांगते. म्हणजे मे महिन्यातल्या अकोल्यात फोन खिशातून काढण्याआधीच त्याच्या मर्यादा ओलांडलेल्या असतात.

मागच्या भागात मिक्सरची मोटर उघडून कार्बन ब्रश पाहिले. मिक्सर खालचे स्क्रू काढले की उघडतो. स्मार्टफोनच्या पाठीवर बहुतेक वेळा एकही स्क्रू दिसत नाही. आणि उन्हाळ्यात त्याचा जो भाग सगळ्यात लवकर थकतो, तोच आत घट्ट चिकटवलेला असतो. या भागात त्या बॅटरीबद्दल.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला लिथियम असलेल्या ऑक्साइडचा. मध्ये बारीक छिद्रांचा प्लास्टिकचा पातळ पडदा. हे सगळं ज्वलनशील द्रवात भिजवून चांदीसारख्या दिसणाऱ्या पाकिटात बंद केलेलं असतं. पहिल्या चार्जिंगच्या वेळीच ग्रॅफाइटवर एक सूक्ष्म साय धरते. ती हवीच असते, तिच्यामुळे आतला द्रव सुरक्षित राहतो. पण उष्णता वाढली की ही साय जाड होत जाते आणि त्यात लिथियम अडकून पडतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून बॅटरीची क्षमता घटते. त्याच उष्णतेत द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. पाकिटाला तोंड नसल्यानं वायू आतच साठतो आणि बॅटरी फुगते.

यात सगळ्यात वाईट जोडी म्हणजे ऊन आणि शंभर टक्के चार्ज. भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ ते ४.४ व्होल्टपर्यंत असतो आणि त्या अवस्थेत रासायनिक झीज जास्त वेगानं होते. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी गाडीच्या डिक्कीत टाकून बाजार समितीत दिवसभर उभा राहणारा माणूस नेमकी हीच जोडी जमवून देतो. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांची बॅटरी ५०० चार्जिंग चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवेल, आयफोन १५ ची १००० चक्रांनंतर, असं कंपनी म्हणते. सोबत ‘आदर्श परिस्थितीत’ असे दोन शब्द असतात. ती परिस्थिती अकोल्यात डिसेंबर-जानेवारीत मिळाली तर मिळाली.

अमरावतीच्या राजकमल-जयस्तंभ परिसरात किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर दुरुस्तीच्या काउंटरवर येणारी तक्रार साधारण अशी असते : “भाऊ, फोन चार्जच होऊन नाही राहिला. बॅटरी टाकून द्या.” चांगला कारागीर लगेच ओपनर हातात घेत नाही. आधी तो चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारतो. वऱ्हाड कापसाचा मुलूख आहे. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या, कापूस वेचून आलेल्याच्या, किंवा नुसता सुती कुर्ता घालणाऱ्याच्याही खिशात तंतू असतातच. पिन दर वेळी ते तंतू आत ढकलते. काही महिन्यांत खाचेच्या तळाशी त्यांची दाबून बसलेली करडी गादी तयार होते आणि पिन पूर्ण आत जातच नाही. ओळखायची खूण म्हणजे पिन सैल लागते, जरा धक्का लागला की निसटते. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं, मधल्या पातळ जिभेला धक्का न लावता, कडेकडेनं ही गादी उकरून काढली की फोन पहिल्यासारखा चार्ज होतो. सुई किंवा सेफ्टी पिन मात्र कधीच घालू नये, आतले सोनेरी संपर्क वाकतात. असा फोन उघडायची गरजच नसते, आणि प्रामाणिक दुकानदार त्याचे बॅटरीचे पैसे लावत नाही.

दुसरी फसवी तक्रार ‘फोन हँग होतो’ ही. थकलेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही, त्यामुळे कॅमेरा उघडला की फोन अचानक बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून ॲपलनं जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये हे उघड झाल्यावर कंपनीला ग्राहकांची माफी मागून बॅटरी बदलण्याचे दर उतरवावे लागले. फोन म्हातारा झाला असं समजून नवा घेण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी, एवढं त्या प्रकरणातून सगळ्यांना कळलं.

फोन चालू ठेवणं ही वऱ्हाडात आता हौस राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद फोनच करतो. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळानं हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी ठेवली. दर्यापूर-तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याचा फोन ऐन मुदतीत बंद पडला, तर अडकतो तो त्याचा सातबारा आणि त्याचा कापूस.

एक काळ असा होता की बॅटरी बदलायला दुकानदाराची गरजच पडत नसे. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० चं मागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं की बॅटरी हातात यायची. कीपॅडवर धूळ जाऊ नये म्हणून एकसंध रबरी आवरण होतं, टॉर्च होता, आणि सगळा फोन टी-६ च्या स्क्रूड्रायव्हरनं खुला व्हायचा. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियानं जाहीर केलं की बीएल-५सी जातीच्या, मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात आणि त्या बदलून देऊ. भारतात सर्व्हिस सेंटरांवर गर्दी उसळली. तरी प्रत्येकाला आपली बॅटरी काढून तिच्यावरचा क्रमांक घरबसल्या वाचता आला आणि बदलायची वेळ आली तरी फोन आपल्याजवळच राहिला.

त्याच वर्षी बंद बॅटरीचा पहिला आयफोन बाजारात आला होता. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. या वेळी बॅटरी काढून देण्याची सोयच नव्हती. लाखो अख्खे फोन परत मागवावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद झालं. दोष दोन्ही वेळा बॅटरीचाच. एकदा बॅटरी बदलून भागलं, दुसऱ्यांदा फोनच मोडीत निघाला.

चिकटवण्याला कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. झाकण आणि खाच काढून टाकली की तेवढ्या जागेत मोठी बॅटरी बसते. फोन पातळ होतो. धूळ आणि पाणी आत शिरत नाही, आणि वऱ्हाडच्या मातीत हा फायदा थोडाथोडका नाही. प्रश्न आहे तो नंतर उघडण्याचा.

तो उघडतात कसा? काम सुरू करण्याआधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवतात, कारण भरलेल्या बॅटरीला इजा झाली तर भडका मोठा होतो. सिमचा ट्रे काढतात. तो विसरला तर बोर्ड उचलताना अडकतो. मग फोन तापत्या प्लेटवर ठेवून कडेचा डिंक मऊ करतात, सक्शन कप लावून कड जराशी उचलतात आणि फटीत प्लास्टिकची पिक सरकवतात. बहुतेक अँड्रॉइड फोन मागून उघडतात. आयफोन १३ पर्यंत पडद्याच्या बाजूनं, आयफोन १४ मागूनही. शिकाऊ हात इथेच चुकतो. पाठीवर फिंगरप्रिंट असलेल्या मॉडेलात मागच्या पॅनलपासून बोर्डापर्यंत केसाएवढी पातळ पट्टी गेलेली असते. पॅनल झटक्यानं ओढलं की ती तुटते.

आत पोहोचल्यावर दोन नियम पाळावेच लागतात. पहिला म्हणजे, दुसरं काहीही करण्याआधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या काडीनं उचलायचा. करंट चालू असताना पडद्याची पट्टी काढली तर बॅकलाइटचा सर्किट जळतो आणि तीनशेच्या कामाचं तीन हजारांचं होतं. दुसरा नियम स्क्रूचा. एकाच फोनमध्ये वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू असतात. आखूड जागेत लांब स्क्रू घट्ट आवळला तर तो बोर्डाच्या आतले थर भेदतो आणि फोन कायमचा डेड. म्हणून जाणकार कारागीर चुंबकाच्या मॅटवर स्क्रू ज्या क्रमानं निघाले, त्याच जागी मांडून ठेवतो. काउंटरवरून एवढं एक दृश्य दिसलं तरी दुकान पारखता येतं.

आता बॅटरी. काही कंपन्या तिच्याखाली ओढून काढायची पट्टी देतात. ती हळूहळू ताणली की डिंक सुटतो. पट्टी नसेल किंवा तुटली, तर कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडून थांबायचं. घाईनं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं सगळ्यात धोक्याचं. पाकीट वाकलं किंवा टोचलं गेलं तर आतला पडदा फाटतो, दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि बॅटरी स्वतःच्याच उष्णतेनं पेटते. त्या धुरात विषारी वायू असतात. म्हणून समंजस दुकानात टेबलाखाली वाळूची बादली असते. आयफोन १६ मध्ये एक वेगळी सोय आहे : नऊ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा करंट दिला की डिंक मिनिट-दीड मिनिटात सुटतो. मनात आणलं तर कंपन्यांना उघडण्याची वाट ठेवता येते, हे त्यातून दिसलं.

नवी बॅटरी घेताना ग्राहकानं ती बसवण्याआधी हातात घेऊन वाचावी. भारतात लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक तिच्यावर छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव कळतं. मुंबईच्या मनीष मार्केटमधून किंवा दिल्लीच्या गफ्फार मार्केटमधून फिरत आलेल्या ‘फर्स्ट कॉपी’वर मूळ बॅटरीपेक्षा जास्त एमएएच छापलेलं दिसलं तर खूश होऊ नये. त्याच आकाराच्या पाकिटात क्षमता अशी एकदम वाढत नाही. फोन पुन्हा चिकटवण्याआधी चालू करून चार्जिंग, पडदा, आवाज आणि कॅमेरा समोर तपासून घ्यावा. आणि एक गोष्ट गृहीत धरावी : एकदा उघडलेला फोन टी-७००० गमनं कितीही नीट बसवला, तरी त्याची पाण्यापासूनची मूळ हमी परत येत नाही.

कायद्याची पावलं धीमी असली तरी दिशा तीच आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू झालं. पुढे भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं मे २०२५ मध्ये ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल दिला. फोन किती टप्प्यांत उघडतो, स्क्रू आणि हत्यारं सहज मिळतात का, सुटे भाग वाजवी वेळेत येतात का, याला गुण द्यावेत आणि ते विक्रीच्या ठिकाणी व खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून ग्राहकाला दिसावेत, अशी शिफारस त्यात आहे. बॅटरी आणि पडदा हे भाग यादीत अग्रक्रमानं आहेत. युरोपात २० जून २०२५ पासून फोनच्या लेबलवर दुरुस्तीची श्रेणी छापावीच लागते. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यावे लागतात आणि ८०० चक्रांनंतर बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. भारतात निर्देशांक ठरवताना एक अट वऱ्हाडाच्या वतीनं सुचवायला हवी : बॅटरीची चाचणी २५ अंशांच्या प्रयोगशाळेत जशी होते, तशी ४५ अंशांतही व्हावी.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. नवा फोन घेताना मेगापिक्सेल विचारण्याआधी त्याची मूळ बॅटरी अकोल्यात किंवा अमरावतीत मिळते का आणि बसवून केवढ्याला पडते, हे विचारावं. उत्तर ‘नागपूरला पाठवावा लागतो’ असं आलं, तर ते दिवसही किमतीत धरावेत. आणि फोनचं पॅनल कडेनं उचललेलं दिसलं, किंवा टेबलावर सपाट ठेवलेला फोन डुलत असेल, तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवावं, तो दाबून बसवू नये आणि दुकान गाठावं. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलकाकडेच द्यायची आहे.

पुढील भागात : फुटलेला पडदा, नुसती काच कधी बदलते आणि पूर्ण डिस्प्ले कधी.