टेलचा आमदार

गणपतराव देशमुखांचं मंत्रिपद मोजायला बसलं, तर पाच वर्षंही भरत नाहीत. पहिलं १९७८ मध्ये, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात. ते सरकार १७ फेब्रुवारी १९८० रोजी बरखास्त झालं. दुसरं १९९९ मध्ये, विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात; तिथून २००२ साली त्यांचा शेतकरी कामगार पक्षच (शेकाप) बाहेर पडला. सांगोल्याची आमदारकी मात्र अकरा वेळा, १९६२ ते २०१९ या काळात. मधे दोनच पराभव: १९७२ आणि १९९५. महाराष्ट्रात एका मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या खुणेवर इतकं कोणी टिकलेलं नाही.

हा मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातला, माणदेशातला. सरासरी पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस, पंढरपूर करत शेवटी सांगोल्याच्या वाट्याला. पुढे म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजना आल्या, त्यांतही सांगोला शेवटीच. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या, शेतकऱ्याचं भांडण वरच्या शेतकऱ्याशी असतं, पाटकऱ्याशी असतं आणि सरकारशीही असतं. हे भांडण विधानसभेत नेणं हीच गणपतरावांची कारकीर्द, असं मला वाटतं. मंत्रिपदं ही तिच्यातली अवांतर पानं.

१० ऑगस्ट १९२६ चा जन्म, शिक्षण वकिलीचं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काढलेल्या शेकापचा लाल बावटा तरुणपणी खांद्यावर घेतला तो कायमचा. धनगर समाजातला माणूस. जिल्ह्याची सत्ता साखर कारखान्यांच्या गव्हाणीभोवती फिरणारी. त्यांच्या नावाशी जोडली गेली ती संस्था मात्र शेतकरी सहकारी सूतगिरणी. सहकारातल्या गिरण्या एकामागून एक अवसायनात निघत असताना ही चालत राहिली, याचं जिल्ह्यात अजून अप्रूप आहे. गणपतराव, म्हणजे लोकांचे आबा, एसटीने फिरतात, हेही असंच अप्रुपाने सांगितलं जाई. साधेपणाच्या या गोष्टी वर्तमानपत्रांनी इतक्या उगाळल्या, की त्यांखाली त्यांचं राजकारण झाकून गेलं.

त्या दोन पराभवांच्या तारखा पुन्हा पाहण्यासारख्या आहेत. मार्च १९७२ मध्ये ते पडले आणि त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. महाराष्ट्र रस्त्याच्या कडेला खडी फोडत होता, सुकडीवर जगत होता, तेव्हा दुष्काळी तालुक्याचा हा वकील सभागृहाबाहेर होता. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले. दुसऱ्यांदा, १९९५ मध्ये, शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवलं. कृष्णेच्या पाण्यातला आपला वाटा सन २००० पर्यंत अडवला पाहिजे, या बच्छावत लवादाच्या मुदतीचा धाक सरकारला होता; म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, टेंभूचं काम लागलं. तेव्हाही आबा बाहेरच. मग मैदान उरलं आटपाडीच्या पाणी परिषदेचं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट तिथे बांधली होती. मागणी होती समन्यायी वाटपाची: जमीन असो-नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क. या व्यासपीठावरचे गणपतराव मला मंत्रालयातल्या गणपतरावांपेक्षा अधिक खरे वाटतात.

तरी एक योग नोंदवलाच पाहिजे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, म्हणजे गणपतराव मंत्री असलेल्या पुलोदच्या काळात. वीस वर्षांनी रोजगार हमीचं खातंच, पणनसह, त्यांच्याकडे आलं. तोवर योजनेचा रंग पालटला होता. १९९० पासून हमीच्या पैशातून फळबागा लागत होत्या. सांगोल्याच्या माळांवर त्यातूनच डाळिंब पसरलं; पाणी कमी लागणारं, रोकड देणारं पीक. मजुरांच्या हक्काचा कायदा जमीनवाल्याच्या बागेला खतपाणी घालू लागला, हा त्यातला पेच. टेलवरच्या आमदाराला तो बोचला असेल तर त्याची निशाणी धोरणात फारशी दिसत नाही. विरोधी बाकावरून त्यांनी जेवढं मिळवलं, त्या मानाने खात्यावर त्यांची मुद्रा पुसट आहे.

दुसरा हिशेब पक्षाचा. १९६२ मध्ये ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा शेकापचे पंधरा आमदार होते. १९७७-७८ मध्ये ते स्वतः विरोधी पक्षनेते होते. १९९९ मध्ये पक्षाचे पाच आमदार उरले, २०१४ मध्ये तीन. सांगोल्याचा गड जितका पक्का होत गेला, तितका बाहेरचा पक्ष आटत गेला. त्याचा सगळा दोष एका माणसाच्या माथी मारता येणार नाही. काँग्रेसने आणि सहकाराने शेकापची माणसं वर्षानुवर्षं ओढून नेली. पण गणपतरावांनीही सांगोल्यापलीकडे दुसरा सांगोला उभा केला नाही, आणि उमेदवारी शेवटी घरातच गेली.

२०१९ मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते थांबले. नातू अनिकेत ७६८ मतांनी पडला. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. पुढे शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीतून झाडी-डोंगरांचं वर्णन करून देशभर गाजले ते हेच. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी वारले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून जागा परत घेतली. विधानसभेत शेकापचा आज तो एकच आमदार आहे.