गव्हाणीपासून विहिरीपर्यंत

नाताळच्या रात्री वसईच्या ख्रिस्तमंदिरांतून घंटानाद घुमू लागला की केळीच्या बागांतून आणि कोळीवाड्यांतून भाविकांचे थवे गव्हाणीच्या देखाव्याकडे वळतात. एके काळी येथील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) ती मराठीत आली आणि श्रद्धेला घरची वाणी लाभली.

परंतु प्रार्थनेचा शब्द समजला म्हणजे धर्म पाळला, असे नव्हे. १९८० च्या दशकाअखेर बागायती बिल्डरांच्या हाती जाऊ लागल्या. विहिरींचे गोडे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो वेदीवरून रस्त्यावर उतरले. ‘हरित वसई’च्या त्या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू खांद्याला खांदा लावून उभे राहिले, तहानेला कुठला आला धर्म? पुढे २०२० साली फादर उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले.

आज कित्येक बागांच्या जागी इमारती उभ्या आहेत. लढा पुरता जिंकला, असे म्हणवत नाही. म्हणूनच गोठ्यातील बाळापुढे मस्तक नमविणाऱ्याने शेजाऱ्याच्या विहिरीचीही राखण करावी. नाताळची खरी उपासना तीच होय.