संगणकाच्या तासाला संगणकच हवा?

पालकसभेत संगणकाचा विषय निघाला की चर्चा लॅबवर येऊन अडते. संच किती, त्यातले चालू किती, लाइट टिकते का. संच नाहीत म्हणजे शिकवणं नाही, हा सगळ्यात घट्ट रुतलेला गैरसमज. पहिली ते चौथीच्या मुलाला संगणकाचं जे कळायला हवं, त्यातलं बरंचसं खडू आणि पुठ्ठ्यावर भागतं.

न्यूझीलंडमधल्या कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीएस अनप्लग्ड’ हा उपक्रम उभा केला तो याच जोरावर. पाच मुलं ओळीत उभी करायची. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, वर्गातून पाहताना उजवीकडून १, २, ४, ८, १६ ठिपक्यांचा. ठिपके दिसले तर चालू, पुठ्ठा उलटा धरला तर बंद. आता म्हणायचं, “तेरा करून दाखवा.” सोळावाला आधी उलटतो, आठ आणि चारवाले ठाम राहतात, दोनवाला घुटमळतो, आणि वर्गच ओरडून त्याला खाली घ्यायला लावतो. एकवाला राहिला की झाले तेरा. पाच पुठ्ठ्यांत शून्यापासून एकतीसपर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. यंत्र आकडे कसे साठवतं, हे तिसरीच्या पोराला वीज न वापरता कळलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईतून तयार झालेली ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकंही विचार करायला शिकवण्यावरच भर देतात.

दुसरा गैरसमज मोठ्यांच्या अनुभवातून आलाय. २००१पासून महाराष्ट्रात घरोघरी एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स पोचला. नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून अनेकांनी तो केला. त्यामुळे संगणक म्हणजे टायपिंग आणि तक्ते, हे डोक्यात पक्कं बसलं. इंग्लंडच्या शाळांतही बराच काळ असंच चाललं होतं. २०१४मध्ये त्यांनी तो अभ्यासक्रम बदलला आणि पाच वर्षांच्या मुलांपासून सूचनांचा क्रम लावणं, चूक शोधणं आणि ऑनलाइन सुरक्षितता शिकवायला घेतली.

“आमचं पोरगं मोबाइलमध्ये लई हुशार हाय” हे कौतुक मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बोट सराईत झालं म्हणजे समज आली असं नाही. शिवाय सांगली जिल्ह्यातल्या कुंडलसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात मूल नुसतं खेळत नसतं. ऊसबिल खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आजीला वाचून दाखवणारा नातूच असतो. म्हणजे घरच्या व्यवहाराच्या दारावर आठ-नऊ वर्षांचं पोर बसलेलं. त्याला दोन गोष्टी पाठ हव्यात: पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि आलेला ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारच्या काळात याच कुंडलने भूमिगतांचा ठावठिकाणा परक्याला लागू दिला नाही. तीच सावधगिरी आता घरचा पत्ता, शाळेचं नाव आणि फोटो यांच्या बाबतीत हवी.

मग मोबाइलच काढून घ्यावा का? शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. बातम्या बंदीच्या झाल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा होता. नुसता पोराचा फोन हिसकावला तर ते चोरून बघतं, आणि चोरून बघताना काही विपरीत घडलं तर मार बसेल म्हणून सांगत नाही. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

“डिलीट केलं, विषय संपला” हाही भ्रमच. समोरच्याने स्क्रीनशॉट काढला असेल तर आपल्या हातात काही उरत नाही. वयाबद्दलही ढिलाई आहे. इन्स्टाग्रामचं खातं तेराच्या आत काढता येत नाही, हे त्यांच्याच नियमात आहे. पण खोटी जन्मतारीख टाकून देणारे बहुतेकदा घरचेच असतात. मुलांची अश्लील चित्रं बनवणं किंवा पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. धमकीचा मेसेज आला तर तो पुसू नका, तोच पुरावा असतो.

पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. मूल संकटात असेल तर १०९८. हे दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा, आणि पुढच्या पालकसभेत संचांची संख्या विचारण्याआधी पोरांना ते पाठ आहेत का, एवढं विचारा.